शरद ऋतूंत घरच्या जनावरांची निगा

पोळा सरला कीं आपल्या जिल्ह्यांतील शेतकऱ्याचें चित्त जनावरांवरून निघून पिकावर जातें. आदल्या सायंकाळीं ज्या बैलांचे खांदे तूप-हळद लावून शेकले, ज्यांच्या शिंगांना बेगड लावली आणि ज्यांना घरांतील मालकिणीनें ओवाळून पुरणपोळी चारली, त्यांची आठवण पुढें कामापुरतीच राहते. कपाशीवरील फवारणी, सोयाबीनची सोंगणी, ज्वारीची राखण व मग कापसाची वेचणी, ह्या धांदलींत भाद्रपद, आश्विन आणि कार्तिक हे तीन महिने कसे निघून जातात हें कळत नाहीं. दारचा कुत्रा, चुलीजवळचें मांजर, कोठ्यांतील गाय-वासरूं ह्यांच्याकडे पाहण्यास कोणास सवड नसते. दुर्दैवानें हेच तीन महिने त्यांच्या जिवास सर्वांत घातक असतात. जुन्या वैद्यांनीं शरद ऋतूला वैद्यांच्या आईचा मान दिला आहे, कारण ह्या ऋतूंत त्यांचें पोट चांगलें भरतें. गुरांच्या दवाखान्यांतील अनुभव ह्याहून निराळा नाहीं.

ह्याचीं कारणें शोधण्यास दूर जावयास नको. पाऊस उघडतो, पण जमीन ओलीच असते. आश्विनांत दिवसा तेहतीस-चौतीस अंशांचें ऊन तापतें आणि कार्तिकांत पहांटे पांघरूण घ्यावें लागतें. धुऱ्यावरचें गवत गुडघ्याएवढें वाढलेलें असतें, त्यांत गोचीड असतात. डबक्यांत डांस आणि उकिरड्यावर माश्या. भाद्रपद हा कुत्र्यांच्या माजाचा काळ. कपाशीवर विषारी औषधें ह्याच दिवसांत सर्वांत अधिक मारलीं जातात, आणि नवें धान्य खळ्यावर येऊन पडतें तेंहि ह्याच दिवसांत. प्रस्तुत लेखांत सर्व रोगांची जंत्री देण्याचा विचार नाहीं. ज्या गोष्टी शेतकऱ्याच्या हातच्या आहेत, आणि ज्यांत कुचराई झाल्यास जनावराबरोबर घरच्या माणसाचाहि जीव जाऊं शकतो, अशांवरच मुख्यतः भर दिला आहे.

आरंभ कुत्र्यापासून करणें योग्य. बैलास बाजारांत किंमत असते म्हणून त्याची विचारपूस होते; कुत्रा फुकट आलेला असतो व फुकटच जातो, अशी आपली समजूत. परंतु जो जागलीवर गेला आहे त्यास कुत्र्याची किंमत सांगावयास नको. राळेगांव, घाटंजी, पांढरकवडा ह्या बाजूस रानडुकरांचा कळप किंवा रोही रात्रीं पिकांत शिरले म्हणजे मचाणावरील माणसाच्या आधीं कुत्र्यास तें कळतें. ज्या घरीं राखणीचा चांगला कुत्रा आहे त्या घरचा माणूस दोन घटका तरी डोळा लावूं शकतो. असा हा इमानी कुत्रा भाद्रपदांत मात्र घरीं राहत नाहीं. माजावर आलेल्या कुत्रीच्या मागें चार गांवचे कुत्रे गोळा होतात, त्यांचीं कडाक्याचीं भांडणें होतात, आणि चार-सहा दिवसांनीं आपला कुत्रा कान फाटलेला, मानेवर दांत उमटलेले, अशा स्थितींत परत येतो. आपण जखमेस हळद लावतों आणि विसरून जातों. त्या गर्दींत एक जरी पिसाळलेला कुत्रा असला, तर त्याच्या लाळेंतून रोगाचें बीज आपल्या अंगणांत आलेलें असतें.

पिसाळणें हा रोग उन्हानें होत नाहीं, भुकेनें होत नाहीं, किंवा कुत्र्यानें अमुक एक पदार्थ खाल्ल्यानेंहि होत नाहीं. त्याचा विषाणु असतो आणि तो रोगी जनावराच्या लाळेंत असतो. चावल्यानें, ओरखड्यानें, किंवा फुटलेल्या कातडीवर लाळ लागल्यानें तो अंगांत शिरतो, आणि मज्जातंतूंच्या वाटेनें हळूहळू मेंदूकडे चढत जातो. ह्या प्रवासास बहुधा एक ते तीन महिने लागतात; कधीं कमी, कधीं पुष्कळ अधिक. म्हणून भाद्रपदांतील दंशाचें फळ दिवाळीच्या सुमारास किंवा त्याहि नंतर दिसतें, आणि तोंवर मूळ जखम कोणाच्या ध्यानांत राहिलेली नसते. एकदां लक्षणें उमटलीं म्हणजे उपाय नाहीं. ही गोष्ट कुत्रा, बैल आणि मनुष्य ह्या तिघांनाहि सारखीच लागू आहे.

येथें प्रस्तुत लेखकाच्या घरीं घडलेली गोष्ट सांगणें अवश्य आहे. ती सांगतांना संकोच वाटतो, कारण चूक आमची होती. कांहीं वर्षांपूर्वीं भाद्रपदांत आमच्या कोठ्यासमोर कुत्र्यांचें भांडण जुंपलें असतां एक परका कुत्रा आंत घुसला आणि बांधलेल्या वगारीच्या पायास दांत लावून पळाला. ओरखडा एवढासा होता. चुना लावला व काम संपलें असें मानलें. पुढें कार्तिकांत त्या वगारीनें रवंथ करणें सोडलें. तोंडास फेस आला, मान ताणून ती घोगऱ्या आवाजानें ओरडूं लागली, पाणी पुढें ठेवलें तर तोंड घाली पण घोट उतरत नसे. घशांत धांडा अडकला असेल अशा समजुतीनें आमच्या सालदारानें तिच्या तोंडांत कोपरापर्यंत हात घातला. कांहींच सांपडलें नाहीं. सोयाबीन सोंगतांना विळ्यानें त्याच्या बोटांस जागोजाग चिरा पडलेल्या होत्या, हें त्या वेळीं कोणाच्या मनांत आलें नाहीं. तिसऱ्या दिवशीं वगार मेली. पशुवैद्य आले, त्यांनीं हकीकत ऐकली आणि पहिला प्रश्न विचारला तो असा कीं, हिच्या तोंडाला कोणी हात लावला होता काय? त्या प्रश्नानें आम्हां सर्वांच्या पायांखालची जमीन सरकली. ज्या दवाखान्यांत आम्ही प्रथम गेलों तेथें त्या दिवशीं लस शिल्लक नव्हती. दुसऱ्या गांवीं जाऊन ती टोंचून घेतली. सालदारानें सर्व मात्रा पुऱ्या केल्या आणि तो सुखरूप आहे. परंतु त्या महिन्याभरांत त्याची बायको रोज सकाळीं त्याच्यापुढें पाण्याचा तांब्या ठेवून तो पाणी पितो कीं नाहीं हें पाहत असे. हें दृश्य आमच्या डोळ्यांसमोरून अजून जात नाहीं.

तेव्हां पहिला नियम हा कीं, ह्या महिन्यांत ज्या जनावराच्या तोंडांतून लाळ गळते, ज्याचा आवाज बदलला आहे, किंवा ज्याचा खालचा जबडा लोंबतो, त्याच्या तोंडांत हात घालूं नये. घशांत हाडूक किंवा धांडा अडकल्याचा भास हें ह्या रोगाचें नेहमींचें सोंग आहे. पिसाळलेला कुत्रा म्हणजे धांवून अंगावर येणाराच, असेंहि समजूं नये. पुष्कळ कुत्रे उलट मुके व सुस्त होतात, अंधारांत जाऊन पडतात, हांक मारली तरी उठत नाहींत. आणि लहान मुलें दया येऊन त्यांस पाणी पाजावयास जातात.

माणसास दंश झाल्यास जखम ताबडतोब साबण लावून वाहत्या पाण्याखालीं निदान पंधरा मिनिटें धुवावी. एवढी एक गोष्ट घरच्या घरीं होण्यासारखी आहे व तिचा उपयोग फार मोठा आहे. तिखट, चुना, डिंक, बिब्बा, पेट्रोल ह्यांपैकीं कांहींएक लावूं नये. त्यानें जखम चिघळते आणि वेळ जातो. जखम बांधूं नये. मग सरकारी दवाखान्यांत जावें. १८८५ सालच्या जुलै महिन्यांत पॅरिस येथें लुई पाश्चर ह्यांनीं जोसेफ मैस्टर नांवाच्या नऊ वर्षांच्या मुलावर ह्या लशीचा प्रयोग केला व तो मुलगा वांचला. हिंदुस्थानांत १९०० सालीं कसौली येथें आणि १९०७ सालीं कुन्नूर येथें पाश्चर संस्था निघाल्या. पुढें दीर्घ काळ पोटांत चौदा टोंचण्या घेण्याची रीत होती, आणि तिच्या भीतीनें कित्येकांनीं दवाखान्याची पायरी चढण्याचें टाळलें. ती रीत ह्या शतकाच्या आरंभीं बंद झाली. आतां दंडांत किंवा कातडींत चार अथवा पांच वेळां लस टोंचतात: पहिल्या दिवशीं, आणि त्यानंतर तिसऱ्या, सातव्या, कांहीं पद्धतींत चौदाव्या, व शेवटीं अठ्ठाविसाव्या दिवशीं. जखम खोल असल्यास किंवा तींतून रक्त आलें असल्यास लशीबरोबर जखमेंत निराळें प्रतिविषहि भरावें लागतें, तें मागून घ्यावें. चावलेला कुत्रा घरचा असला तर त्यास मारूं नये, दहा दिवस बांधून नजरेखालीं ठेवावा; तो दहा दिवस धडधाकट राहिला तर दंशाच्या वेळीं त्याच्या लाळेंत विषाणु नव्हता असें समजतात. मात्र त्या दहा दिवसांची वाट पाहत लस लांबवूं नये.

चावलेल्या जनावरासहि अशीच लस देतां येते, आणि ती दंशानंतर लगेच सुरू केली तरच उपयोगी पडते. आमच्या वगारीच्या बाबतींत तो खर्च आम्हांस सुचला नाहीं. कुत्र्यास व मांजरास तिसऱ्या महिन्यांत पहिली टोंचणी, पशुवैद्य सांगेल तेव्हां दुसरी व पुढें दर वर्षीं एक, एवढें केलें म्हणजे घरांत हा रोग शिरण्याची मुख्य वाट बंद होते. ही वार्षिक टोंचणी श्रावणांत, म्हणजे माजाच्या आधीं घ्यावी. ज्यास पिलें नको असतील त्यानें कुत्र्याचें खच्चीकरण करवून घ्यावें; त्यायोगें तो भाद्रपदांत भटकत नाहीं आणि राखणीच्या कामास अधिक स्थिर राहतो. खच्ची केल्यानें कुत्रा भेकड होतो, ही समजूत खरी नाहीं. बैल खच्ची करून आपण पिढ्यान् पिढ्या शेती करीत आलों, त्याच्या बळाविषयीं कोणी शंका घेत नाहीं!

दुसरा शत्रु गोचीड. कुत्र्याच्या अंगावर जितके गोचीड दिसतात त्यांच्या कितीतरी पट भिंतीच्या फटींत आणि ओट्याच्या दगडांखालीं असतात. रक्त पिऊन फुगलेली मादी खालीं गळते, फटींत शिरते व हजारोंनीं अंडीं घालते. म्हणून केवळ जनावराचें अंग पुसून भागत नाहीं. भिंतींच्या चिरा मातीनें लिंपून वर चुना द्यावा, कुत्रा बसतो तें पोतें आठवड्यास उकळत्या पाण्यांत घालून उन्हांत वाळवावें, आणि कोठ्यालगतचें गवत कापून टाकावें. गुरांच्या गोचिडांचीं पिलें ह्याच गवताच्या शेंड्यावर चढून जनावराची वाट पाहत असतात. रोज सायंकाळीं कुत्र्याचे कान, पायांच्या बोटांमधील खांच व शेपटीखालील भाग हातानें चांचपून पाहावा. गोचीड चिमट्यानें कातडीलगत धरून सरळ ओढावा आणि साबणाच्या पाण्यांत टाकावा. नखानें चिरडूं नये. गोचिडांमुळें कुत्र्यास ताप येतो, हिरड्या पांढऱ्या पडतात, कधीं नाकांतून रक्त येतें. संकरित गाईस ताप येऊन मानेजवळच्या व खांद्यापुढच्या गांठी सुजतात, किंवा लघवी कॉफीच्या रंगाची होते. अशा वेळीं झाडपाला करीत बसूं नये. ह्या रोगांवर नेमकीं औषधें आहेत, पण तीं पहिल्या दोन-तीन दिवसांतच गुण देतात.

येथें एका वाईट चालीविषयीं स्पष्ट लिहिणें भाग आहे. फवारणीनंतर डब्याच्या तळाशीं उरलेलें औषध पाण्यांत मिसळून बैलाच्या किंवा कुत्र्याच्या अंगास चोळतात. पिकावर मारावयाचें विष आणि जनावराच्या अंगास लावावयाचें औषध ह्यांत नांव कधीं कधीं एकच असलें तरी त्याचें प्रमाण व त्यांतील इतर द्रव्यें निराळीं असतात. मोनोक्रोटोफॉस किंवा प्रोफेनोफॉस ह्यांसारखीं विषें कातडीवाटे आंत जातात, आणि जनावर तर आपलें अंग चाटतें. मांजराविषयीं तर अधिक सावध राहावें. कुत्र्याच्या गोचिडांवर देतात तीं परमेथ्रिनसारखीं औषधें मांजरास थोडीं लागलीं तरी त्यास झटके येऊन तें मरतें. कुत्र्यास औषध लावल्यावर तें पुरतें वाळेपर्यंत मांजरास त्याच्याजवळ निजूं देऊं नये.

विषाचा विषय निघालाच आहे तर २०१७ सालचा पावसाळा व शरद ऋतु आठवावा. त्या वर्षीं आपल्या जिल्ह्यांत कपाशी डोक्याएवढी वाढली होती, आणि तींत फवारणी करतांना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले. शेंकडोंना दवाखान्यांत ठेवावें लागलें. माणसांच्या त्या आकांतांत जनावरांचा हिशेब कोणी ठेवला नाहीं. परंतु ज्या शेतांत माणूस कोसळला त्याच शेताच्या धुऱ्यावरचें गवत दुसऱ्या दिवशीं कापून बैलापुढें टाकलें जातें. ज्या टांकींत औषध कालवलें तिच्याच तळच्या पाण्यांत तहानलेला कुत्रा तोंड घालतो. आणि रिकामी बाटली मुलांच्या व मांजराच्या खेळण्यांत येते. फवारलेल्या शेतांतील तण किंवा धुऱ्यावरचें गवत डब्यावर लिहिलेली मुदत संपेपर्यंत गुरांस घालूं नये. औषध कालवण्याचें भांडें वेगळें ठेवावें व काम संपतांच पालथें घालावें. शेतांत कुत्रा बरोबर असल्यास फवारणीच्या दिवशीं तो घरींच बांधावा, आणि त्याचें पिण्याचें पाणीहि घरींच ठेवावें.

विषबाधा झालेल्या जनावराच्या तोंडास व डोळ्यांस सारखें पाणी सुटतें, बाहुली टांचणीच्या टोंकाएवढी होते, अंग थरथरतें, हगवण लागते आणि श्वास घोरतो. अंगावर विष सांडलें असेल तर हातास पिशवी बांधून साबणाच्या पाण्यानें जनावर धुवून काढावें. तोंडावाटे तेल, दूध किंवा ताक पाजूं नये. तेलानें कांहीं विषें अधिक लवकर भिनतात, आणि गिळतां न येणाऱ्या जनावराच्या फुप्फुसांत तें उतरतें. पशुवैद्याजवळ ॲट्रोपिन नांवाचें उताऱ्याचें औषध असतें. औषधाचा रिकामा डबा मात्र त्याला दाखवावयास बरोबर न्यावा. त्यावरील नांवावरून अर्धें निदान होतें. शासनाच्या फिरत्या पशुवैद्यकीय पथकास बोलावण्यासाठीं १९६२ हा दूरध्वनि क्रमांक आहे, तो कोठ्याच्या दारावर खडूनें लिहून ठेवण्यास कांहीं खर्च नाहीं.

नवें धान्य घरांत आलें म्हणजे उंदीर येतात व त्यांच्या मागोमाग उंदरांचें विष. झिंक फॉस्फाइडची काळी पूड पिठांत घालून ठेवतात. ती पोटांत गेली म्हणजे तिचा विषारी वायु होतो व जनावर कांहीं तासांत जातें. दुसरें, ब्रोमाडिओलोन नांवाचें, चार-पांच दिवसांनीं रक्त वाहूं लागून मारतें. त्यावर 'के' जीवनसत्त्वाचा उतारा आहे, पण तो वेळीं मिळाला पाहिजे. मेलेला उंदीर खाऊन मांजर मरतें हें सर्वांस ठाऊक असूनहि मेलेले उंदीर गोळा करून पुरण्याचा कंटाळा केला जातो. आमच्या मतें ज्या घरांत दोन चांगलीं मांजरें आहेत त्या घरीं विष ठेवूंच नये. विष आणि मांजर ह्यांतून एकाचीच निवड करावी.

आतां गुरांकडे वळूं. आपल्याकडे सोयाबीनचा पेरा वाढल्यापासून आश्विनांत एक नवीन आपत्ति आली आहे. सोंगून रचलेली गंजी किंवा मळणीनंतरचा दाण्यांचा ढीग ह्यांत रात्रीं सुटलेला बैल तोंड घालतो व सकाळीं पोट फुगून बसलेला आढळतो. ज्वारी किंवा मका अधिक खाल्ल्यास पोटांत आम्लता वाढते, आणि त्यावर खाण्याचा सोडा देण्याचा उपाय जुनाच आहे. सोयाबीनची गोष्ट निराळी. त्यांत प्रथिनें पुष्कळ असल्यानें पोटांत अमोनिया तयार होऊं शकतो. अशा वेळीं सोडा दिला तर दुखणें वाढतें. म्हणून अंदाजानें कांहीं पाजण्यापेक्षां दाणे खाल्लेल्या बैलापुढचें सर्व खाणें काढावें, त्यास हळूहळू चालवावें आणि पशुवैद्यास बोलावून काय खाल्लें तें नेमकें सांगावें. सोयाबीनबरोबर त्याच दिवशीं युरिया घातलेलें खाद्य कधींहि देऊं नये. कुटार चांगलें; पण ओलें व बुरशी आलेलें कुटार गंजीच्या पोटांतून काढून घालूं नये.

ज्वारीचा पेरा पूर्वींपेक्षां पुष्कळ घटला असला तरी ज्यांच्याकडे ती आहे त्यांनीं किराळ विसरूं नये. फुलोऱ्याच्या आधींची कोवळी ज्वारी, पावसाच्या ताणानें सुकलेलीं रोपें, आणि विशेषतः कापणीनंतर धसकटांस फुटलेले हिरवे कोंब ह्यांत सायनाइडचें विष असतें. उपाशी बैल अशा शेतांत सुटला तर दहा-पंधरा मिनिटांत श्वास लागून आडवा होतो. डोळ्यांचीं अस्तरें लालभडक दिसतात. उतारा शिरेंतूनच द्यावा लागतो, आणि तो येईपर्यंत बहुधा खेळ आटोपलेला असतो. पुरता वाळलेला कडबा ह्या दृष्टीनें निर्धोक आहे. तेव्हां ज्वारीच्या कापलेल्या रानांत गुरें सोडण्याची घाई करूं नये.

पूर्वींच्या पिढीस ह्या दिवसांत भय असे तें बुळकांडीचें. एका साथींत गांवचा अर्धा कळप जाई. हिमालयांत मुक्तेश्वर येथें १८९३ सालीं हलविलेल्या सरकारी जंतुशाळेंत ह्या रोगावर दीर्घ काळ काम झालें. पुढें गांवोगांव लस टोंचून तो मागें हटविण्यांत आला, आणि २०११ सालीं बुळकांडी जगांतून नाहींशी झाल्याचें जाहीर करण्यांत आलें. हें सांगण्याचें कारण असें कीं, २०२२ च्या पोळ्यानंतर महाराष्ट्रांत लम्पी चर्मरोगाची मोठी साथ पसरली तेव्हां कित्येक ठिकाणीं लोकांनीं तिला दैवाचा कोप मानून लसीस नकार दिला. हा रोग देवीच्या जातीच्या विषाणूचा आहे. डांस, चावऱ्या माश्या व गोचीड तो पसरवितात. ताप येतो, अंगभर कठीण गांठी उठतात, पाय सुजतात, आणि वासरांत मृत्यूचें प्रमाण अधिक असतें. माणसास तो होत नाहीं. त्या साथींत शेळ्यांच्या देवीची लस गाईबैलांस टोंचण्यांत आली. टोंचणी पावसाळ्यापूर्वीं घेणें उत्तम. राहून गेली असल्यास पशुवैद्यास विचारून आतांहि घ्यावी. रोगी जनावर वेगळें बांधावें, त्याचें पाणी वेगळें, त्याची सुई वेगळी. सायंकाळीं कडुलिंबाच्या ओल्या पाल्याची धुरी द्यावी, पण कोठ्याची एक बाजू उघडी ठेवून. बंद कोठ्यांत धुरानें वासरांच्या छाती भरतात. गांठ फुटून जखम झाल्यास माश्या बसून तींत किडे पडतात. सीताफळाचा पाला वाटून लावण्याचा जुना उपाय बरा आहे. मात्र सीताफळाच्या बियांची पूड जनावराच्या किंवा आपल्या डोळ्यांत जाऊं देऊं नये.

दिवाळीच्या आवाजाविषयीं थोडेंसें. कुत्र्याचे कान माणसाहून कितीतरी तीक्ष्ण. फटाक्यांच्या भयानें सांखळी तोडून पळालेला कुत्रा रस्त्यावर गाडीखालीं सांपडतो किंवा वाट चुकतो. लक्ष्मीपूजनाच्या रात्रीं त्यास आंतल्या खोलींत, दार लोटून, ओळखीच्या पोत्यावर बसवावा आणि घरचें एखादें माणूस जवळ असावें. गाभण गाय व म्हैस फटाक्यांपासून दूर बांधावी. फराळाचें ताट ओट्यावर ठेवूं नये. मनुके व चॉकलेट हे पदार्थ कुत्र्यास विषारी आहेत. पिंजऱ्यांतील राघूची निगा कशी करावी असें एका वाचकानें विचारलें होतें. त्याचें उत्तर असें कीं, रानांतला पोपट पकडून पाळणें १९७२ च्या वन्यजीव कायद्यानें गुन्हा आहे, तेव्हां त्याची उत्तम निगा म्हणजे तो वन खात्याच्या स्वाधीन करणें.

कार्तिकाच्या उत्तरार्धांत थंडी सुरू होते. म्हाताऱ्या बैलाच्या अंगावर रात्रीं गोणपाट टाकावें व खालीं कोरडें कुटार पसरावें. ओल्या जमिनीवर बसून त्याचे सांधे धरतात. भाद्रपदांत फळलेली कुत्री सुमारें त्रेसष्ट दिवसांनीं, म्हणजे ह्याच सुमारास विते. तिला वाऱ्याच्या आड, जमिनीपासून चार बोटें उंच अशी जागा करून द्यावी, आणि ज्वारीच्या भाकरीबरोबर रोज थोडें वरण, अंडें किंवा शिजविलेलें मांस द्यावें. नुसत्या भाकरीवर तिला दूध उतरत नाहीं. पिलें दोन-तीन आठवड्यांचीं झालीं कीं त्यांस जंताचें औषध द्यावयाचें असतें. पिसाळण्याची पहिली टोंचणी तिसऱ्या महिन्यांत, म्हणजे माघांत येईल. ती तारीख पिलें जन्मलीं त्याच दिवशीं भिंतीवरच्या पंचांगावर टिपून ठेवावी, आणि जीं पिलें दुसऱ्या घरीं द्यावयाचीं असतील त्यांच्याबरोबर तीहि सांगून द्यावी.